तेवीस गुंजांचा फरक

आमच्या घरात दोन तराजू होते. एक धान्याचा, ओसरीच्या तुळईला टांगलेला, ज्याच्या पारड्यात बसून झोके घेतल्याबद्दल मी आईचा मार खाल्ला आहे. दुसरा सोनाराचा, तळहाताएवढ्या पितळी पारड्यांचा, लाकडी पेटीत जपून ठेवलेला. हा दुसरा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कल्याणच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडून आणला होता. त्यावर आमच्या घरात सोनं कधी चढलं नाही, कारण आईच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या सोडल्या तर सोनं नव्हतंच. त्यावर रायफलच्या गोळ्या तोलल्या जायच्या, आणि ते काम मी बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून माझ्याकडे होतं. पोरीच्या जातीला हे कसलं काम, असं म्हणणारे गावात होतेच. आबा त्यांना सांगायचे, "तिचा हात थरथरत नाही. तुमचा थरथरतो." मग ते लोक गप्प बसायचे आणि मी फुगून बसायचे. फुगायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

वजनं गुंजांची. कुंपणावर वेल असतो, शेंगा तडकल्या की लालभडक, काळ्या डोळ्याच्या बिया दिसतात, त्या गुंजा. त्या आणायचा सोमा. सोमा कातकरी म्हणजे आबांचा शिकारीतला जोडीदार, माग काढणारा, आणि खरं सांगायचं तर आबांचा एकुलता एक मित्र. तो ओंजळभर गुंजा माझ्यापुढे ओतायचा आणि मी त्यातल्या एकसारख्या भरणाऱ्या निवडून ठेवायचे. वयाने तो आबांएवढा, पण आम्ही घरातली पोरंसुद्धा त्याला सोमाच म्हणायचो, काका म्हणायचं कुणी शिकवलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. तो मात्र मला शकूबाय म्हणायचा. आता हे लिहिताना सोमाकाका असं लिहून पाहिलं, पण हाताला ते खोटं वाटलं. तेव्हा जे म्हणत होते तेच लिहिते.

गाव आमचं बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर. मागे डोंगर, पुढे ओढा, ओढ्याकाठी भाताची खाचरं. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरीच्या थापट्याने, आणि वारा त्या बाजूचा असला की अंबरनाथच्या कारखान्यांचा भोंगा ऐकू यायचा. आई त्या भोंग्यावर चूल पेटवायची. सुक्या जवळ्याची चटणी, नाचणीची भाकरी, पावसाळ्यात रानातली शेवळं, आणि भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या की डुकरं. डुकरं जेवणात नंतर येतात, आधी ती शेतात यायची. एका रात्रीत अर्धं खाचर आडवं व्हायचं, आणि सकाळी आई बांधावर उभी राहून ते बघायची. पिकाच्या राखणीसाठी सरकारने आबांना रायफलचा परवाना दिला होता. तेव्हा ते सगळं कायद्यात बसत होतं. आज कोणी विचारलं की तुमचे वडील शिकारी होते का, तर मी म्हणते, राखणदार होते.

रायफल तीनशे पंधरा बोअरची. तिचं काडतूस मुळात कुठल्याशा परक्या फौजेचं, फार जुनं. फौजेने ते टाकून दिलं आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या नशिबी ते आलं. पितळेची जाड नळी, आत दारू, आणि टोकाला गोळी. नळी पुन्हा पुन्हा भरता येते, गोळी मात्र नवी लागते, आणि गोळी किती वजनाची घालायची हा आबांच्या आयुष्यातला मोठा विषय होता. माणसं जावयाची निवड करत नाहीत एवढ्या काळजीने ते गोळी निवडत. गोळ्या मिळत उल्हासनगरला, टेकचंद शेठकडे. फाळणीत सगळं सोडून आलेला हा सिंधी म्हातारा, त्याच्या वडिलांचंही तिकडे बंदुकांचंच दुकान होतं म्हणे. कॅम्पातल्या एका अरुंद दुकानात, गंजीफ्रॉकवर, पुढ्यात पापडाची थाळी घेऊन तो बसलेला असायचा. तो मला आधी पापड द्यायचा आणि मग गोळ्या दाखवायचा.

दोन प्रकार होते. एक जड, गोल नाकाची, नाकाशी शिसं उघडं. आमच्या तराजूवर ती एकशे तीस गुंजा भरायची. दुसरी हलकी, टोकदार, नखशिखांत तांब्याने मढवलेली, फौजी घडणीची. ती भरायची एकशे सात. टेकचंद शेठ दोन बोटांत जड गोळी धरून म्हणायचा, "साईं, यह धीरे जाती है, पर जानवर के अंदर जाके फूल जाती है, बाहर नहीं आती." मग हलकी उचलायचा. "और यह आर-पार. फौज को क्या, आगे वाला गिरे, पीछे वाला भी गिरे, फौज तो खुश. शिकारी को यह नहीं चाहिए." हे मी एकदा नाही, चांगलं चार-पाचदा ऐकलं आहे, पापड खाता खाता. आबा मान हलवायचे आणि जड गोळ्या घ्यायचे. घरी आणून मी एकेक तोलायचे, एखादी दोन गुंजा कमी भरली तर बाजूला काढायचे, आणि पुढच्या खेपेला निवडलेल्या गोळ्या शेठ नळ्यांमध्ये बसवून द्यायचा.

आबांची शिकार दोन तऱ्हेची. एक बैठक, म्हणजे उजाडताना टेकाडावर बसून ओढ्यापलीकडच्या खाचरावर नेम धरायचा. मागे मोकळं रान, अंतर लांबचं. दुसरा हाका. त्यात कातकरवाडीतली वीस-पंचवीस माणसं, बायापोरांसकट, डबे बडवत डुकराला रानातून आबांच्या दिशेने हाकत आणायची. आबा ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडाशी उभे. हाक्याचा नियम असा, की आबांची शीळ ऐकू आली की सगळ्यांनी झाडाआड थांबायचं. सगळे थांबायचे, सोमा नाही. सोमा डुकराच्या मागे पंधरा पावलांवर यायचाच, कारण जखमी डुक्कर वळून बायापोरांत घुसलं तर त्याला अडवायला हातात भाला घेतलेलं कुणीतरी हवं, आणि कारण आबांची गोळी जनावराच्या बाहेर येत नाही हे त्याला ठाऊक होतं. बार झाला की तो पहिला डुकराजवळ पोचायचा, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि लांब आरोळी द्यायचा. ती आरोळी आमच्या ओसरीवर ऐकू यायची. आई ती ऐकून परसात तीन दगडांची चूल मांडायची, कारण घरातल्या चुलीवर ती डुकराचं मटण शिजू देत नसे. मुंडी सोमाची, बाकीचे वाटे सारखे, हाकाऱ्यांतल्या लहान पोरालासुद्धा पुरा वाटा. भाजलेल्या खोबऱ्याचा वास अजून नाकात आहे. आता मी मांस खात नाही, पण वास काही मला विचारून येत नाही.

सोमाची मुलगी काशी माझ्याच वयाची. चौथीत तिची शाळा सुटली, माझी सुटली नाही, आणि त्याला कारण सोमा. मॅट्रिक झाल्यावर आबा माझ्यासाठी स्थळं बघत होते. सोमा एक दिवस ओसरीच्या पायरीवर बसला, वर यायचा नाही तो कधी, आणि म्हणाला, "दादा, आपल्या दोघांत मिळून एक तरी शिकू दे. माझी तं नाय शिकली." आबा रात्रभर विचार करत बसले असतील, मला माहीत नाही. सकाळी म्हणाले, "उल्हासनगरच्या कॉलेजात नाव घालून येऊ." गावातून विज्ञान शाखेला गेलेली मी पहिली. बदलापूरपर्यंत चालायचं, गाडी पकडायची, आणि परत येताना रोज मला माझ्या पायाखालची जमीन जरा खालच्या दर्जाची वाटायला लागली. हे असंच होतं, सगळ्यांचं होतं, पण मी माझ्यापुरतं लिहिते.

त्या वर्षी भात निसवल्यावर पहिल्याच बैठकीत आबांचा नेम चुकला. चुकला म्हणजे गोळी खाली बसली. जड गोळी लांबवर जाताना खाली येते, ती डुकराच्या छातीत न लागता पायाला लागली. डुक्कर कारवीत घुसलं आणि दोन दिवस तिथे ओरडत राहिलं. सोमा आणि आबा शोधत होते, कारवी इतकी दाट की सापडेना. दोन दिवस आबा जेवले नाहीत. आईने ताट वाढायचं आणि त्यांनी ते बाजूला सारायचं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. आबा मला म्हणाले, "शकू, मारायचं तर नीट मारावं. हे काय केलं मी." एवढा थोराड माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेत माझी नवी नवी विद्या मिसळली. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा जास्त होतं, हे आज मला कबूल करायचं आहे.

मी वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एका पानावर चित्र काढलं. डावीकडे आबांची जागा म्हणून ऐनाचं झाड, मध्ये ओढा, उजवीकडे डुक्कर, आणि झाडापासून डुकरापर्यंत दोन वाकड्या रेषा, एक जड गोळीची, एक हलकीची. खाली गणित. हलकी गोळी वेगाने सुटते, तेवढ्याच अंतरात वीतभर कमी खाली येते. आबांना समोर बसवून मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "पण शेठ म्हणतो ती आरपार जाते." मी म्हणाले, "बैठकीला मागे कोण असतं, आबा? रान. रानाला लागली तर लागली." ते म्हणाले, "जड गोळी आत राहते, याची सवय आहे गं." मी हसले. ती माझी हसायची पद्धत मला आठवते, तोंड वाकडं करून, कॉलेजात एक प्राध्यापक आमच्यावर हसायचे तशी. "तुमची सवय बरोबर का हे गणित बरोबर?" आबांनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी पाहिलं नाही. अभिमान म्हणतात त्याला, पण तो शब्द त्याच्यापुढे फार लहान आहे. म्हणाले, "गणित बरोबर."

टेकचंद शेठने कुरकुर केली. "अम्मां, पढ़ाई अलग, जंगल अलग." मी त्यालाही वही दाखवली. त्याने चष्मा वर करून चित्र पाहिलं, पापड पुढे केला आणि हलक्या गोळ्या दिल्या. एकशे सात गुंजा, एकेक मी तोलून पाहिली. त्यानंतरच्या दोन बैठकींत दोन डुकरं जागच्या जागी पडली. आबांनी ही गोष्ट बदलापूरच्या बाजारात, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगितली. "आमच्या पोरीने कागदावर डुक्कर मारलं, मी फक्त चाप ओढला." सोमाने मला गुंजांची एक जास्तीची ओंजळ आणून दिली, नुसतीच, बक्षीस म्हणून. मी तेव्हा पायाला जमीन लागू देत नव्हते.

हाका ठरला तो दिवाळीच्या आधी, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. मी ओसरीवर प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं करत बसले होते, दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. आबा कमरेला पट्टा बांधून बाहेर आले. एका हातात जड काडतूस, दुसऱ्या हातात हलकं. माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "शकू, आज हाका आहे. जड घेऊ का हलकी?" मी मान वर केली नाही. आकृतीची रेघ ओढत होते, ती मोडेल म्हणून. म्हणाले, "आबा, किती वेळा सांगायचं. हलकीच घ्या."

"बरं बाई," ते म्हणाले.

त्यांनी जड काडतूस परत डब्यात टाकलं, तो आवाज मी ऐकला. डब्याचं झाकण लागल्याचाही ऐकला. अजून दहा-बारा पावलं ते अंगणातून चालत गेले, तेवढ्यात मला आठवायला हवं होतं, बैठक आणि हाका यातला फरक मला आईच्या पोटात असल्यापासून माहीत होता. ते मला तेच तर विचारत होते. नुसता होकार हवा होता म्हणून नाही, मी डोकं लढवावं म्हणून विचारत होते. मी रेघ सरळ आली का ते बघत होते.

डबे वाजायला लागले. रानातून आवाज हळूहळू ओढ्याकडे सरकत आला. आबांची शीळ ऐकू आली, डबे थांबले. मग बार झाला, एकच. आईने आतून विचारलं, "पडलं का गं?" मी म्हणाले, "आरोळी येऊ दे." आम्ही दोघी थांबलो. आई परसातल्या दगडांपाशी जाऊन उभी राहिली, हातात काटक्या. आरोळी आली नाही. बराच वेळ आली नाही. मग आली ती सोमाची नव्हती, बाईची होती, आणि ती थांबेना.

डुक्कर ऐनाच्या झाडापासून वीस पावलांवर कारवीतून बाहेर आलं होतं. इतक्या जवळून माझ्या गणिताची काही गरजच नव्हती, वीतभर काय आणि हातभर काय. गोळी डुकराच्या छातीतून आरपार गेली, डुक्कर जागीच पडलं, नेम अगदी चोख होता. त्याच्या मागे ओढ्याच्या दरडीवरून नेहमीसारखा वर येत होता सोमा, पंधरा पावलांवर. कारवीआड तो आबांना दिसला नाही. दिसायची कधी गरजही पडली नव्हती.

बांबूला चादर बांधून त्याला रस्त्यापर्यंत आणला. आमच्या अंगणावरूनच वाट होती. एका बाजूचा बांबू आबांच्या खांद्यावर होता आणि ते कुणाला तो घेऊ देत नव्हते. काशी बाजूने धावत होती, हातात अजून डबा आणि काठी, टाकायचं भान नव्हतं तिला. सोमा शुद्धीवर होता. माझ्याकडे त्याने पाहिलं, मला वाटतं पाहिलं. बदलापूरच्या नदीच्या पुलापर्यंत पोचायच्या आत तो गेला. पडलेलं डुक्कर दोन दिवस तसंच ओढ्याकाठी होतं, कुणी हात लावला नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. मी दाराआड उभी होते. फौजदाराने विचारलं की हाक्यात अशी गोळी का वापरली, ही तर फौजी दिसते. आबा म्हणाले, "निवड माझी." फौजदाराने पुन्हा विचारलं, कुणी सांगितलं होतं का. आबा म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे, मला कोण सांगणार? गोळी माझी, नेम माझा, निवड माझी." मी दाराआडून बाहेर आले नाही. पुढचं पाऊल टाकायचं होतं, फार तर तीन पावलं. मला भीती वाटली, एवढंच. रायफल जमा झाली, आबांनी बरेच महिने तालुक्याला खेटे घातले, शेवटी अपघात म्हणून प्रकरण मिटलं. आबांनी ती रायफल परत मागितली नाही. ओढ्याकाठचं शेत त्यांनी ठकीच्या, सोमाच्या बायकोच्या, नावाने करून दिलं आणि दर पावसाळ्यात गुडघे चालले तोवर स्वतः जाऊन तिथे भाताची आवणी केली. ठकी बांधावर बसायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

माझ्याशी आबा पूर्वीसारखेच बोलायचे. हेच मला सोसत नसे. कधी तरी रागावतील, वही चुलीत घालतील, निदान तो तराजू तरी फेकून देतील, म्हणून मी वाट बघायचे. त्यांनी माझं कॉलेज पुरं केलं. कुणी पाहुणा आला की सांगायचे, पोरगी विज्ञानात हुशार आहे. काशी मात्र मला त्या दिवसापासून शकूताई म्हणायला लागली. त्याआधी नुसतं शकू होतं.

मी पुढे शिक्षिका झाले. अंबरनाथच्या एका शाळेत सदतीस वर्षं विज्ञान शिकवलं. फेकलेल्या वस्तूच्या गतीचा धडा दर वर्षी यायचा. त्यात एक वाक्य असतं, हवेचा विरोध विचारात घेऊ नये. दर वर्षी ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात थांबायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. तापट बाई म्हणून माझी ख्याती होती. मान खाली घालून उत्तर देणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढलेलं आहे, आणि त्या बिचाऱ्याला का काढलं हे कधी कळलं नाही. लग्न झालं, मुलगा झाला, आबा गेले, आई गेली. कुणालाही मी हे सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगणार होते खूपदा. मग मला वाटायचं, आबांनी एवढ्या लोकांपुढे स्वतःच्या अंगावर घेतलेलं, ते मी कशाला काढून घेऊ. पण हा बहाणा होता, आणि चांगला भक्कम बहाणा होता, एवढी वर्षं टिकला.

यंदा भावाने गावचं घर विकलं. आता तिथे कुणाचं तरी फार्महाऊस होणार आहे. डुकरं परत आली आहेत म्हणे, लोकांच्या हिरवळी उकरतात. घरातली आबांची ट्रंक भावाने माझ्याकडे, बदलापुरात बेलवलीला, पाठवून दिली. चौथ्या मजल्यावर ती चढवताना माझ्या सुनेची कंबर धरली. ट्रंकेत तळाशी, आबांच्या धोतराच्या फडक्यात बांधलेली, माझी निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्याबरोबर सोनाराचा तराजू, आणि औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेल्या गुंजा. मी त्या मोजल्या. एकशे तीसच होत्या. बरोबर जड गोळीएवढ्या. आबांनी मुद्दाम तेवढ्या ठेवल्या होत्या की मी शेवटचं तोलून तशाच सोडल्या होत्या, कोण सांगणार. मी जमिनीवर बसून रडले. वय झालं की जमिनीवर बसलेलं उठता येत नाही, सुनेला हाक मारावी लागली.

पुढच्या आठवड्यात वही पिशवीत घातली आणि वांगणीला काशीकडे गेले. ठकी केव्हाच गेली. काशीच्या मुलाने ओढ्याकाठचं शेत विकून वांगणीत दोन खोल्यांचं घर घेतलं आहे. काशी जवळच्या बंगल्यांची बाग बघते. माझ्याएवढीच म्हातारी, पण उकिडवी बसून पालेभाजी निवडत होती, मला ते जमत नाही. मला बघून उठली. "या शकूताई," म्हणाली आणि खुर्ची पुसून दिली. चहा झाला. नातवंडांची विचारपूस झाली. मग मी सांगितलं. किती वेळ लागेल असं वाटलं होतं, चार वाक्यांत झालं. हलकी गोळी मी निवडली. त्या सकाळी आबांनी मला विचारलं होतं. मी मान वर न करता सांगितलं. पोलिसांसमोर मी गप्प राहिले.

काशी भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हाइत हाय."

मी खुर्चीत पुढे सरकले.

"मी तितंच व्हते," ती म्हणाली. "हाका सुरू व्हायच्या आदी बा बोलला, दादा, आज जड गोळी हाय ना? तं दादा बोलले, नाय, हलकी हाय, शकूनं सांगितलंय, वहीत हिशेब हाय. तं बा बोलला, शकूबाय बोलली तं ठीक हाय मंग." तिने एक देठ मोडून बाजूला टाकलं. "बाला लय कौतिक व्हतं तुज्या वहीचं. आयेला येऊन सांगायचा, वहीत रान काडलंय पोरीनं, सगळं हाय त्यात."

आबांनी विचारलं होतं मला. सोमाने विचारलं होतं आबांना. दोघांनी विचारलं होतं, आणि दोघांना माझंच उत्तर मिळालं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की सोमाला ठाऊकच नव्हतं.

काशीने हात पदराला पुसले. "आणलीस काय ती वही?" मी पिशवीतून काढून दिली. तिने ती मांडीवर घेतली, अगदी अलगद पानं उलटली. अक्षरं तिला वाचता येत नाहीत. चित्राच्या पानाशी थांबली. कागद पिवळा पडला आहे, पण शाईच्या रेषा शाबूत आहेत. ती बोट फिरवत गेली.

"ह्यो ऐनाचा झाड."

"हो."

"ह्यो वढा. आन् ह्ये डुक्कर." ती जराशी हसली. "डुक्कर नाय जमलं तुला." मग तिचं बोट डुकराच्या मागच्या कोऱ्या जागेवर गेलं, तिथे इकडेतिकडे फिरलं, परत डुकरापाशी आलं. तिने पान डोळ्यांजवळ नेलं. तिला वाटलं तिलाच दिसत नाही. "शकू, मंग बा कुटं हाय ह्याच्यात?"

रागाने नाही विचारलं तिने. तिला खरंच बघायचं होतं.

"काढला नव्हता गं," मी म्हणाले.

वही तिने परत मांडीवर ठेवली, आणि डुकराच्या मागे, त्या कोऱ्या जागेत, एका ठिकाणी बोट टेकवलं. "हितं व्हता," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने ते बोट उचललं नाही.